ख्रिस पेरी, लॉर्ना आणि वीस वर्षांचा करार



मागच्या भागानंतर एक फर्माइश आली. लष्करी इतिहास पुष्कळ झाला, आता स्पेनच्या ‘मोसेदादेस’ या पॉप गटाबद्दल बोला. फर्माइश पाठवणाऱ्या बाई इंदूरच्या आहेत. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत कोणीतरी परदेशातून आणलेली रेकॉर्ड त्यांनी ऐकली होती. निवृत्त कर्नलकडे पॉप गाण्यांची फर्माइश येते आहे, म्हणजे आपली मालिका बरी चालली आहे असं मी धरून चालतो.

तर आधी मोसेदादेस. उत्तर स्पेनमधलं बिल्बाओ हे बास्क प्रदेशातलं बंदराचं, लोखंड-पोलादाचं शहर. भिलाईच्या शेजारी राहणाऱ्या मला ते त्यामुळे उगीचच ओळखीचं वाटतं. तिथल्या उरांगा घराण्यातल्या बहिणी आणि त्यांचे मित्र साठीच्या दशकाच्या अखेरीस एकत्र गाऊ लागले. मोसेदादेस म्हणजे तारुण्याचे दिवस. १९७३ साली लक्झेंबर्गमध्ये भरलेल्या युरोव्हिजन स्पर्धेत त्यांनी ‘एरेस तू’ हे गाणं म्हटलं. गाणं ह्वान कार्लोस काल्देरोन यांचं, मुख्य आवाज आमाया उरांगा यांचा. पहिल्या आलेल्या गाण्याला १२९ गुण मिळाले, यांना १२५. चार गुणांनी हरले. पण पुढच्या वर्षी हेच स्पॅनिश गाणं अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत सहसा इंग्रजीशिवाय दुसरं काही चालत नाही, तिथे हे घडलं. १९८४ मध्ये आमाया गटातून बाहेर पडल्या, पण गट चालू राहिला.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो काळ हुकूमशहा फ्रँकोचा. बास्क आणि कॅटलान या भाषांना सरकारदरबारी जागा नव्हती. १९६८ च्या युरोव्हिजनसाठी जोआन मान्युएल सेर्रात या गायकाची निवड झाली होती. मी माझ्या कॅटलान भाषेतच गाईन, असं तो म्हणाला. त्याला बाजूला करण्यात आलं, त्याच्या जागी मासिएल ही गायिका स्पॅनिशमध्ये गायली आणि स्पेनने ती स्पर्धा जिंकली. म्हणजे स्पेनच्या पॉप संगीताला एक प्रश्न तेव्हापासून चिकटलेला आहे. गाणं कोणत्या भाषेत म्हणायचं, आणि ते कोणी ठरवायचं?

हा प्रश्न वाचताना मला बिल्बाओ किंवा बार्सिलोना आठवत नाही. मला मडगाव आठवतं. आजचा भाग म्हणून मडगावच्या बोर्डा भागात जन्मलेल्या एका ट्रम्पेटवाल्याबद्दल आणि वांद्र्याच्या एका मुलीबद्दल आहे. इंदूरच्या बाईंनी माफ करावं. अर्थात फर्माइशीपासून मी फार लांब जात नाही. या दोघांचं एक गाजलेलं गाणं आहे ‘नाचूंया कुंपासार’. कुंपास हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपासो’वरून आला. स्पॅनिशमध्ये त्याचाच भाऊ ‘कोंपास’. अर्थ ताल, ठेका. ठेक्यावर नाचूया, एवढंच ते नाव सांगतं.

चर्चची शाळा आणि चर्चगेटचा रस्ता

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १९६१ च्या डिसेंबरात, आपल्या फौजा आत शिरल्यावर, गेले. साडेचारशे वर्षं. त्या काळात त्यांनी काय मोडलं याची यादी मोठी आहे. आजच्या विषयापुरती एकच नोंद घेऊ. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. फर्मानाने भाषा मरत नाही, पण ती शाळा, कचेरी आणि कागद यांतून हद्दपार होते. स्वयंपाकघरात, शेतात आणि भांडणात उरते.

त्याच राजवटीने दुसरी एक गोष्ट केली. गावोगावच्या चर्चला जोडून संगीत शिकवणाऱ्या शाळा असत. तिथला ‘मेस्त्री’ पोरांना स्वरलिपी वाचायला लावी, हातात व्हायोलिन देई. पोरांनी चर्चमधल्या प्रार्थनेला साथ करावी एवढाच हेतू. परिणाम मात्र असा झाला की भारतात पाश्चात्त्य स्वरलिपी घडाघडा वाचू शकणारा एक मोठा वर्ग या छोट्याशा मुलखात तयार झाला. गोव्यात पोट भरेना, तेव्हा ही माणसं व्हायोलिन आणि ट्रम्पेट घेऊन मुंबईची बोट धरू लागली. मुंबईत गावागावाचे ‘कूड’ असत, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या राहण्याच्या खोल्या. धोबीतलाव, गिरगाव या भागांत ते अजून सापडतील. बोटीवर नोकरी लागेपर्यंत तिथे पथारी टाकायची. याच मुंबईत १८९२ साली पहिलं ‘तियात्र’ झालं. तियात्र म्हणजे कोंकणी नाटक, आणि मध्ये मध्ये नाटकाशी संबंध नसलेली गाणी. आपल्या संगीत नाटकाला हे सहन झालं नसतं. तियात्राचा प्रेक्षक त्या गाण्यांसाठीच येतो.

गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचं काय केलं हे अलीकडे पुष्कळांना माहीत झालं आहे. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची मांडणी सेबास्टियन डिसूझा करत. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले त्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव १९७७ च्या चित्रपटात अमिताभच्या तोंडी गेलं. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची जोडी तर ‘अलबेला’ पाहिलेल्या कोणालाही आठवेल. ‘ईना मीना डीका’ ऐकताना त्यात कोंकणीचे दोन शब्द लपलेत, ते शोधा. सापडतील.

पण ही सगळी मंडळी दुसऱ्याच्या भाषेत वाजवत होती. दिवसा हिंदी चित्रपटासाठी, रात्री हॉटेलात इंग्रजीसाठी. स्वतःच्या भाषेसाठी रविवार.

बोर्ड्याचा ख्रिस्तोव्हां

ख्रिस्तोव्हां परेरा, म्हणजे ख्रिस पेरी, १९२८ सालचा. ट्रम्पेट त्याचं मुख्य वाद्य, सॅक्सोफोनही वाजवायचा. गाणी स्वतः लिहायचा, चाल स्वतः लावायचा, प्रत्येक वाद्याचा कागद स्वतः भरायचा, तियात्रही लिहायचा. मुंबईत चर्चगेटच्या रस्त्यावर अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ‘व्हेनिस’ नावाचं ठिकाण होतं, तिथे त्याचा बँड वाजे. साठीच्या दशकात तो सगळा रस्ता संध्याकाळी वाजता असे. मुंबईत दारूबंदीचा कायदा होता १९४९ पासून. कायदा त्याच्या जागी आणि रस्ता त्याच्या जागी.

त्या हॉटेलांत चालायचं काय? जाझ, आणि क्यूबाहून आलेले नाच. चा-चा-चा हा ठेका क्यूबाचे एन्रिके होर्रीन यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला आणि काही वर्षांत जगभर तो पसरला. पाहा, स्पॅनिश भाषेतल्या गाण्यांनी जगाला नाचवण्याचं काम मोसेदादेसच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. ख्रिस पेरीने हा ठेका उचलला आणि त्यावर कोंकणी शब्द ठेवले. ‘चा-चा-चा’चा राजा असंच त्याला गोव्यात म्हणत.

वाटतं तितकं हे सोपं नव्हतं. कोंकणीत गाणी होती, फार सुंदर होती. मांडो आहे, दुलपद आहे, देखणी आहे. मांडो तर सासष्टीच्या, म्हणजे मडगावच्याच परिसरातल्या घरंदाज दिवाणखान्यांतला. पण तो एकोणिसाव्या शतकातला, लग्नाच्या दिवसाचा, पंखा हातात धरून हळूहळू पावलं टाकण्याचा. मुंबईत टायपिस्टची नोकरी करणारी, लोकल पकडणारी, पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहणारी कोंकणी बाई मांडोत कुठे येणार? तिच्यासाठी गाणं नव्हतं.

लॉर्ना

लॉर्ना कोर्देरो १९४६ सालच्या, जन्म वांद्र्याचा, मूळ गाव गोव्यातलं. शाळेच्या वयातच गायला लागल्या आणि साठीच्या दशकात ख्रिस पेरीच्या बँडबरोबर उभ्या राहिल्या. सुरुवातीला हॉटेलांत गायच्या त्या इंग्रजी गाणी. आवाज जाड, खालून येणारा, आणि चढताना फाटेल की काय अशी भीती वाटावी इतका मोकळा. फाटत नाही. लता-आशा यांच्यावर वाढलेल्या आपल्या कानांना पहिल्यांदा तो जरा आडदांड वाटतो. मला तसा वाटला होता. बेळगावच्या मुक्कामात एका गोवेकर सहकाऱ्याच्या खोलीत कॅसेट लागायची. तीच कॅसेट, तेच टेपरेकॉर्डर, रोज संध्याकाळी सात वाजता, बिगुलच्या शिस्तीने. पंधरा दिवसांत मला शब्द पाठ झाले होते, अर्थ कळण्याच्या आधी.

१९७१ साली एचएमव्हीने ‘बेबदो’ काढलं. बेबदो म्हणजे दारुडा. त्यानंतर ‘पिसो’, म्हणजे वेडा. ‘लिस्बोआ’, ‘तुजो मोग’, ‘नाचूंया कुंपासार’ आणि अशी कितीतरी. मोग म्हणजे प्रेम, आणि गोव्यात हा शब्द जितका चालतो तितका प्रेम हा शब्द महाराष्ट्रात चालत नाही, हे माझं निरीक्षण तुम्ही तपासून पाहा.

विषय काय ते लक्षात घ्या. दारुडा. वेडा. फसवणारा. गाण्यातली बाई कुढत नाही, बोलते. भांडते. आपलं भावगीत मला प्राणप्रिय आहे, पण त्यातली नायिका सहसा झाडाआड, नदीकाठी किंवा खिडकीत असते. लॉर्नाच्या गाण्यातली बाई दारात उभी असते आणि तिचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. शिवाय आपल्याकडे गाण्याच्या खाली तीन नावं छापतात, गीतकार, संगीतकार आणि गायक. वाजवणारे बेनाम. इथे बँड हाच गाण्याचा कणा आहे. गायिका एक ओळ म्हणते, ट्रम्पेट तिला उलट उत्तर देतो. नवरा-बायकोसारखं. काही गाण्यांत मला तो ट्रम्पेट गायिकेपेक्षा लबाड वाटतो.

आणि हे सगळं नाचता येतं. दुःख सांगताना पाय हलतात. क्यूबाच्या संगीताची ही देणगी कोंकणीला अशी मिळाली.

त्याच वर्षी, इथून जवळ

इथे थोडं थांबून माझ्या आजच्या गावाकडे येतो. मी अहिवाऱ्यात राहतो. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारा चुनखडक नंदिनीच्या खाणींतून जातो, त्या खाणींच्या बाजूचं हे गाव. दुर्ग, भिलाई, राजनांदगाव या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ, गणपती दणक्यात होतो, पण बाजारात भाजीवाली बोलते ती छत्तीसगढी.

दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ‘चंदैनी गोंदा’ उभं केलं ते साल १९७१. संगीत खुमानलाल साव यांचं, गीतं लक्ष्मण मस्तुरिया यांची. शेतकऱ्याचं आयुष्य रंगमंचावर, गाण्यांतून. तोपर्यंत छत्तीसगढी म्हणजे हिंदीची गावठी बोली असं शहरातले लोक समजायचे. या गाण्यांनी लोकांना आपल्याच बोलीची लाज वाटेनाशी झाली. छत्तीसगढ राज्य झालं २०००च्या नोव्हेंबरात, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी.

बघेऱ्याच्या दाऊंना चर्चगेटचं व्हेनिस ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि ख्रिस पेरीने बघेऱ्याचं नाव ऐकलं असण्याचंही नाही. ‘बेबदो’ आणि ‘चंदैनी गोंदा’ एकाच वर्षी आले हा योगायोग. तरी दोन्हीकडे काम एकच झालं. ज्या भाषेला कचेरीत खुर्ची नव्हती तिला लोकांनी गाण्यात बसवलं.

भाषा की बोली

आता थोडं अवघड. मी मराठी माणूस, बोलतोय मराठी वाचकांशी. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात आपल्याकडच्या मोठमोठ्या विद्वानांनी शाई खर्च केली आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात सार्वमत झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? वेगळं राहण्याच्या बाजूने सुमारे ३४ हजार मतं जास्त पडली. त्या प्रचारात उल्हास बुयांव यांच्यासारख्या गायकांची कोंकणी गाणी गावोगाव घुमली होती. विलीनीकरणवाल्यांकडे वर्तमानपत्रं होती, पुढारी होते. गाणी समोरच्या बाजूला होती.

पुढचा क्रम तारखांनी सांगतो. साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली १९७५ मध्ये. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा, त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाला. घटनेच्या आठव्या अनुसूचीत कोंकणी आली १९९२ मध्ये. ‘बेबदो’ या सगळ्यांच्या आधीचं आहे. अकादमीचा शिक्का बसायच्या चार वर्षं आधी गोव्यातली पोरं त्या भाषेत नाचत होती. भाषा आहे की बोली हे पंडितांनी ठरवावं, मला त्याचं वावडं नाही. पण ज्या बोलीत चा-चा-चा होतो, प्रेमभंग होतो, नवऱ्याची खरडपट्टी निघते आणि ऐकणारा तीन मिनिटं जागचा हलत नाही, तिला मी तरी भाषाच म्हणेन.

१९७७ मध्ये ख्रिस पेरीने चित्रपटातही हात घातला. ‘भुंयारांतलो मुनीस’, पहिला रंगीत कोंकणी चित्रपट. गोष्ट अलेक्झांडर द्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’वरून घेतलेली. कोंकणीत त्याआधी १९५० चा ‘मोगाचो आंवडो’, फ्रँक फर्नांड यांचे ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ एवढेच नाव घेण्यासारखे चित्रपट. ‘निर्मोण’वरून हिंदीत ‘तक़दीर’ निघाला. बाजार इतका लहान की चित्रपट काढणं म्हणजे घर गहाण टाकण्याचा धंदा. गाण्याची रेकॉर्ड काढणं त्या मानाने परवडायचं, म्हणून कोंकणीचा आधुनिक इतिहास पडद्यापेक्षा तबकडीवर जास्त सापडतो.

करार

आता मुख्य गोष्ट.

सत्तरच्या दशकातच ख्रिस पेरी आणि लॉर्ना वेगळे झाले. त्यांच्या खासगी नात्यात मी शिरत नाही. गोव्यात त्यावर पुरेसं बोलून झालं आहे, आणि दोघांनाही घरदार होतं. माझा संबंध एका कागदाशी आहे. लॉर्ना वीस वर्षं दुसऱ्या कोणाबरोबर गाणार नाहीत असा तो करार होता, असंच गोव्यात सर्वत्र सांगितलं जातं. काय घडलं ते डोळ्यांसमोर आहे. कोंकणीतला सगळ्यात मोठा आवाज ऐन पंचविशी-तिशीत गप्प झाला. त्या नोकरी करू लागल्या. गाणं बंद.

लष्करात मी तीन दशकांहून जास्त काढली. आदेश, शिस्त, सही केलेला कागद, या गोष्टींचा मान मला कोणी शिकवायला नको. आमच्या पलटणीच्या बँडमध्ये बँडमास्तर जे सांगेल ते होतं. त्याने हात वर केला की चाळीस माणसं श्वास रोखतात. ख्रिस पेरीबद्दलच्या सगळ्या आठवणींत तो असाच दिसतो, कडक, सूर चुकला तर न ऐकून घेणारा. तशा माणसाशिवाय तसा बँड उभा राहत नाही, हे मी मानतो. पण बँडमास्तरचा हुकूम मैदानापुरता असतो. शिपाई सेवेतून मोकळा झाला की त्याचं बिगुल त्याने कुठे वाजवावं हे कोणी सांगत नाही. शिस्त आणि मालकी यांत फरक आहे, आणि त्या कागदाने तो पुसला.

काहीजण म्हणतात, गाणी त्याची, चाल त्याची, बँड त्याचा, तिला घडवलं त्याने. बरोबर. मग त्याने गाणी ठेवायची होती. गळा कशाला ठेवून घेतला?

करार झाला तेव्हा ती विशीतली मुलगी होती. बाजूला वकील नव्हता, बाजारात दुसरी कंपनी नव्हती जी म्हणेल, ये, आमच्याकडे गा. हिंदीत एका संगीतकाराने दार लावलं तर दुसऱ्याचं उघडतं. ओ. पी. नय्यर यांनी लता मंगेशकरांना कधीच गायला लावलं नाही, दोघांचंही काही अडलं नाही. कोंकणीत दारंच दोन-चार. भाषा लहान असली की तिच्या कलावंताला पळायला जागा नसते. आपण नेहमी म्हणतो की छोट्या भाषेत माणसं कशी जवळची असतात, सगळे एकमेकांना ओळखतात. होय, आणि म्हणून एक माणूस एका बाईचा आवाज दोन दशकं थांबवू शकतो.

या काळात गाण्यांचं काय झालं? ती चालू राहिली. लग्नात वाजत, ‘फेस्ता’ला वाजत, आखातात गेलेल्या गोवेकरांच्या खोल्यांत कॅसेटींवरून उतरवलेल्या कॅसेटींवर वाजत. स्थानिक बँडवाले ती शिकून घेत आणि नव्या मुली लॉर्नासारखा आवाज काढायचा प्रयत्न करत. करार लॉर्नाला लागू होता, गोव्याला नव्हता. ख्रिस पेरी स्वतः पुढे दुबईला गेला, तिथे संगीत शिकवू लागला. चर्चगेटच्या रस्त्यावरचे बँड एकेक करून बंद झाले. हॉटेलवाल्यांना आठ वादकांच्या पगारापेक्षा एक रेकॉर्ड लावणारा स्वस्त पडू लागला.

परत येणं

१९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने लॉर्नांना पुन्हा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आणलं. मोन्सेरात हे घराणंच वादकांचं, वडील ट्रम्पेटवाले, भाऊ वाद्यांवर. अल्बमचं नाव ‘हॅलो लॉर्ना’. मध्ये इतकी वर्षं रियाज नाही, रंगमंच नाही, वय पन्नाशीला टेकलेलं. आवाज खाली उतरला होता, थोडा खरखरीत झाला होता. मला विचाराल तर १९७१ च्या आवाजापेक्षा हा मला जास्त आवडतो. त्या वयात ‘बेबदो’ म्हणताना तिला अभिनय करावा लागत असेल, आता लागत नाही.

गोव्याने तिला डोक्यावर घेतलं. तेव्हा ऐकायला आलेल्यांत निम्मे असे असणार ज्यांचा जन्म तिच्या मौनाच्या काळातला. त्यांनी तिला आईबापांच्या कॅसेटवर ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ख्रिस पेरी २५ जानेवारी २००२ रोजी गेले. आजच्या गोव्यात कोणालाही विचारा, कोंकणी गाण्यातलं पहिलं नाव कोणाचं? दहांतले आठ जण लॉर्ना म्हणतील, आणि त्यांनी सांगितलेलं गाणं ख्रिस पेरीचं निघेल. त्याने तिला तोडून टाकलं, आणि त्याचं नाव टिकलं ते तिच्या गळ्यातून.

२०१४ मध्ये बार्ड्रॉय बार्रेटो या दिग्दर्शकाने ‘नाचूंया कुंपासार’ नावाचाच कोंकणी चित्रपट केला. पेरींची वीस गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून त्यांतून गोष्ट सांगितली. नावं बदललेली, लॉरी आणि डोना, पण गोव्यात नावांना कोणी फसलं नाही. डोनाची भूमिका पालोमी घोष या बंगाली मुलीने केली. लॉरीच्या भूमिकेत विजय मौर्य. बासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला उत्कृष्ट कोंकणी चित्रपट, कलादिग्दर्शन आणि पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख असे तीन मान मिळाले. नेहमीच्या वितरकांच्या वाटेने तो फारसा गेला नाही. सभागृहं घेऊन, खेळ लावून तो लोकांपर्यंत पोचवला, अगदी तियात्राच्या पद्धतीने. प्रेक्षक गाण्यांबरोबर मोठ्याने गात होते.

चित्रपट चांगला आहे. एकच तक्रार. शेवटी सगळं प्रेमकथेत विरघळतं आणि करार मागे पडतो. प्रेमभंग जगात रोज होतात. एका भाषेचा आवाज कागदाने बंद होणं रोज होत नाही. त्या कागदावर एक अख्खा चित्रपट निघाला असता.

ऐकायचं कसं

आता इंदूरच्या बाईंना आणि बाकी मंडळींना एक कामाची सूचना. ही गाणी शोधताना तुम्हाला अडचण येईल, कारण ती रोमी लिपीत नोंदलेली असतात. कोंकणी तीन-चार लिपींत लिहिली जाते. गोव्याच्या कायद्याने देवनागरी मानली, पण तियात्र आणि गाणी यांचा संसार रोमीत आहे. मंगळूरकडे कानडी लिपी चालते. रोमीची वळणं पोर्तुगीज. नाकातून उच्चारायच्या अक्षरापुढे ‘एम’ लावतात, ‘श’साठी ‘एक्स’ लिहितात. तेव्हा ‘नाचूंया’ असं मराठी वळणाने इंग्रजी अक्षरांत लिहून शोधलंत तर कदाचित सापडणार नाही. ‘नाचों’ असं लिहून शेवटी ‘एम’ लावा, सापडेल.

आधी ‘पिसो’ ऐका, मग ‘बेबदो’. दोन्ही जुन्या ध्वनिमुद्रणातली, नंतरच्या कार्यक्रमांतली नव्हे. हेडफोन लावून पहिल्यांदा फक्त लॉर्नाकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा तिला सोडून द्या आणि ट्रम्पेट काय बोलतो ते ऐका. मग बाईंच्या फर्माइशीचं ‘एरेस तू’ लावा आणि मला लिहा, तुमच्या कानाला दोन्हींत काय नातं लागतं.

पुढच्या भागात आपण पुन्हा लष्कराकडे जाऊ. पचमढीला लष्कराचं बँड शिकवण्याचं केंद्र आहे, तिथे खेड्यातला पोरगा सनई सोडून क्लॅरिनेट कसा धरतो त्याबद्दल.

जय हिंद.